सर्वात बिघडलेल्या डोळ्याचे माप

चष्म्याचा नंबर बरोबर, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. तरी रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरलेले दिसतात, अशी काही जणांची तक्रार असते. ती खरी असते. नंबरात जवळचा, लांबचा आणि सिलिंड्रिकल एवढेच दोष येतात. बुबुळाच्या वक्रतेतले बारीक चढउतार त्यात येत नाहीत.

ते मोजण्याची युक्ती खगोलशास्त्राची. १९००च्या सुमारास योहानेस हार्टमान यांनी जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या मोठ्या दुर्बिणीपुढे भोके पाडलेला पडदा लावून भिंगाचे दोष शोधले. पुढे अमेरिकेत रोलंड शॅक यांनी भोकांच्या जागी इवल्या भिंगांची जाळी आणली. १९९४ साली जुनझोंग लियांग, योसेफ बिले आणि सहकाऱ्यांनी या जाळीचा सेन्सर माणसाच्या डोळ्यासाठी वापरला.

डोळ्यात अवरक्त प्रकाशाचा मंद किरण सोडतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परतलेला हा प्रकाश बाहुलीतून बाहेर येतो आणि त्या जाळीतून कॅमेऱ्यावर रांगोळीसारखे ठिपके उमटतात. निर्दोष डोळ्याचे ठिपके ओळीत पडतात. दोष असेल तिथला ठिपका सरकतो. किती आणि कुठे सरकला, यावरून दोषाचे माप मिळते.

केराटोकोनस या विकारात मात्र बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. मग ठिपके इतके सरकतात की एकाच्या जागेत दुसरा शिरतो, आणि कोणता ठिपका कोणत्या भिंगाचा हे संगणकाला ओळखता येत नाही. कमी नाभीय अंतराची भिंगे बसवली तर ठिपके कमी सरकतात, पण बारीक दोष निसटतात. म्हणून काही भिंगे आळीपाळीने झाकून मोजण्याची आणि शेजारच्या ठिपक्यांवरून माग काढणाऱ्या गणिताची वाट संशोधकांनी धरली. शिवाय अश्रूंचा थर पापणी लवल्यावर काही सेकंदांत बदलतो, म्हणून एका मापावर न थांबता अनेक मापे घ्यावी लागतात.

चांगल्या डोळ्याचे माप कुठलेही यंत्र घेईल. ज्याला मापाची सर्वात जास्त गरज, त्याच डोळ्यापुढे जे अडते, ते यंत्र अजून अपुरे आहे. सेन्सर सुधारण्याचे खरे मोल इथे आहे.

एक विनंती. केराटोकोनसचा धोका वाढतो, म्हणून डोळे जोरात चोळू नका. घरातल्या मुलाचा सिलिंड्रिकल नंबर वरचेवर वाढत असेल, तर नुसता चष्मा बदलू नका. नेत्रतज्ज्ञांकडून बुबुळाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या वक्रतेचा नकाशा, करून घ्या. केराटोकोनस वेळेत सापडला, तर क्रॉसलिंकिंगच्या उपचाराने त्याची वाढ बहुतेकदा थांबवता येते.