पहिलटकरणीची साखर

(संस्थेच्या माता-पालक मेळाव्यात एका शिक्षिकेने केलेले भाषण)



आरोग्यावर दोन शब्द बोला, असे मला सांगण्यात आले. मी विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा पुस्तकातले व्याख्यान न देता माझ्यावरच बेतलेली एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला थोडा संकोच वाटतो. पण याच संकोचापायी माझे नुकसान झाले, म्हणून आज तो बाजूला ठेवते.

२०१६ साली मी पहिलटकरीण होते. मे महिन्यात, सव्विसाव्या आठवड्यात, दवाखान्यात मला पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज घालून प्यायला दिले आणि दोन तासांनी रक्त घेतले. आकडा आला १६८. गरोदर बाईचा हा आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, की गर्भारपणातला मधुमेह धरतात. या तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही सोपी पद्धत आपल्या देशात रुजवली, आणि केंद्र सरकारच्या २०१४ व २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही हीच पद्धत आहे. पहिल्या भेटीत एकदा आणि तेव्हा आकडा ठीक आला तर चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा, अशी ती दोनदा करायची असते.

तो कागद मी पर्समध्ये घडी करून ठेवला. यजमानांना सांगितले, घरात नाही. कारण काय बोलले जाईल ते ठाऊक होते. "आमच्याकडे कुणाला साखर नाही, हिलाच कशी?" "माहेरी गोड फार खायची." पहिल्याच खेपेला असा शिक्का बसला, की मुलगी स्वतःलाच दोषी समजू लागते. मीही समजत होते. वर्गात स्वादुपिंडाचे चित्र फळ्यावर काढणारी मी, पण रात्री पडल्या पडल्या आपण कुठल्या लग्नात किती जिलब्या खाल्ल्या ते मोजत होते!

खरे कारण निराळे आहे. पोटात बाळाबरोबर वार वाढते. वारेतून जे स्राव निघतात, ते आईच्या इन्शुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे बाळासाठी रक्तात साखर शिल्लक राहावी. बहुतेक बायकांचे स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून हा भार पेलते; काहींचे पुरे पडत नाही. आईवडिलांना मधुमेह असेल किंवा वजन जास्त असेल तर शक्यता वाढते, पण सडपातळ मुलीलाही हा होतो. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते; बाळ स्वतःचे इन्शुलिन वाढवते आणि अंगाने फार मोठे होते. मग बाळंतपण अवघड जाते. नाळ कापल्यावर साखर येणे थांबते, पण बाळाचे इन्शुलिन तसेच असते. त्यामुळे त्याची साखर एकदम उतरू शकते. म्हणून अशा बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यायचे.

सतवासा झाला त्या दिवशी मी मोठा मूर्खपणा केला. हिरव्या बांगड्या भरल्या, गजरा माळला आणि बायका ताट घेऊन पुढे आल्या. मलिदा, जर्दा, शिरखुर्मा. "दोन जिवांची आहेस, खा." नाही म्हटले तर कारण विचारतील, म्हणून सगळे खाल्ले. दोन दिवसांनी तपासणीत साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "उद्या सासूबाईंना घेऊन ये. स्वयंपाक त्या करतात ना?"

अम्मी आल्या. त्यांना सगळे समजावून सांगण्यात आले. भात बंद करायचा नाही, कमी करायचा. तांदळाच्या तीन भाकऱ्यांऐवजी एक, सोबत डाळ, मासळी, अंडे, पालेभाजी. फळांचा रस नको, फळ थोडे चालेल. तीन वेळा पोटभर खाण्याऐवजी थोडे थोडे पाच-सहा वेळा, आणि जेवल्यावर चालणे. दोन आठवडे असे करून जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या खाली येते का पाहायचे. माझी आली नाही. मग इन्शुलिनचे नाव निघाले.

तेव्हा अम्मींनी विचारले, "त्यात डुकराचे काही असते का?" प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. १९२२ साली माणसाला इन्शुलिन प्रथम दिले गेले, तेव्हापासून कित्येक वर्षे ते गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढत असत. १९८२ साली सूक्ष्मजंतूंकडून तयार करवून घेतलेले मानवी इन्शुलिन वापरात आले. मला दिलेली कुपी त्याच जातीची होती. ते वारेतून बाळाकडे जात नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितले. अम्मींचे समाधान झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सुई टोचायची वेळ त्याच सांभाळू लागल्या. जूनमध्ये रमजान आला. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत सूरह बकरामध्ये आहे, आणि गरोदर बाईलाही सवलत असल्याचे उलेमा सांगतात. तरी मला सहरीला उठून रोजा धरावा असे वाटे. अम्मींनीच अडवले.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली, वजन तीन किलो शंभर ग्रॅम. इन्शुलिन त्याच दिवशी बंद झाले. मी समजले, संपले.

इथे माझी खरी चूक झाली. सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज पिऊन रक्त तपासा, असे घरी जाताना दिलेल्या कागदावर लिहिले होते. भगिनींनो, सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, म्हणजे आपला चिल्ला संपतो ना, तेच दिवस. चाळिसाव्या दिवशी न्हाण झाले. दीड महिन्याची लस द्यायला आम्ही मुलीला घेऊन त्याच दवाखान्यात गेलो. तिला सुई टोचली, ती रडली, आम्ही तिला पदराखाली घेऊन परत आलो. रक्त तपासायची खोली शेजारीच होती. मला कुणी विचारले नाही, मीही बोलले नाही. ज्या बाईला गरोदरपणी साखर झाली, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. तपासणी चुकली नाही तर खाणे, चालणे, बाळाला अंगावर पाजणे यांनी तो लांबवता किंवा टाळताही येतो. मी २०१९ साली, थकवा आणि तहान फार वाढल्यावर, रक्त दिले. तेव्हापासून मी गोळ्या घेते. मधल्या तीन वर्षांत मला काय टाळता आले असते, याचा हिशेब आता लागत नाही.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेलाही गरोदरपणी साखर निघाली. तिने पहिल्याच दिवशी कागद अम्मींच्या हातात दिला. सतवाशाला तिच्या ताटात मासळी, उसळ आणि एकच चमचा जर्दा होता, आणि बाकीच्या बायकांनीही तेच खाल्ले. चिल्ल्याचे न्हाण झाल्यावर दीर बाळाला लसीला न्यायला निघाले, तेव्हा अम्मी दारातून म्हणाल्या, "बाळाला नेतोस तसे हिलाही आत ने. हिचे रक्त दिल्याशिवाय परत येऊ नका."