लांकडी सांगाड्याचें माळवदी घर

सोलापुराहून अक्कलकोटकडे जातांना कुंभारी हें गांव लागतें. विडी कामगार स्त्रियांच्या १०,००० घरांच्या वसाहतीचें २००६ सालीं लोकार्पण झालें आणि या गांवाचें नांव दूरवर पोहोंचलें. तीं घरें सिमेंटाचीं. परंतु सोलापूर जिल्ह्यांतील जुन्या गांवठाणांतून माळवदाचीं घरें अद्यापि आढळतात. बाहेरून तीं दगडमातीचीं भासलीं तरी त्यांचा प्राण लांकडांत असतो. असें घर ज्याच्या वांट्याला आलें आहे त्यानें काय जाणावें, याचा येथें विचार करूं.

प्रथम रचना पाहूं. दगडी बैठकीवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचांचा, म्हणजे फाडलेल्या लांकडी पट्ट्यांचा थर, आणि त्यावर पांढरी माती. चार खांबांमधील जागा म्हणजे खण. घर किती खणांचें, यावरून त्याचा विस्तार सांगत. चैत्र-वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर गेला तरी जाड मातीमुळें आंत गारवा राहतो. पाऊस बेताचा असल्यानें सपाट छत चालतें; त्यावर धान्य वाळवावें आणि रात्रीं अंथरूण टाकावें.

या सुखाचें मोल मात्र दरवर्षीं द्यावें लागतें. मृगापूर्वीं माळवदावरील गवत उपटून पांढरी माती पसरावी लागते. काळी माती येथें कामाची नाहीं. ती भिजून फुगते व सुकतांच भेगाळते. पुष्कळ घरधनी जुनी माती न खरवडतांच नवी टाकितात. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खणावर एक फूट मातीचा थर असला, तर त्याचें ओझें चार टनांहून अधिक भरतें. प्रत्येक तीन इंचांच्या वाढीनें त्यांत टनाहून अधिक भर पडते, आणि पावसानें तें ओझें आणखी वाढतें. तुळईला बांक येतो तो असा. म्हणून जितकी माती घालावी तितकी आधीं उतरावी, हा नियम होय.

दुसरा शत्रु ओल, आणि तिच्या मागोमाग वाळवी. पन्हळ तुंबली कीं पाणी भिंतींत मुरतें, आणि भिंतींत दडलेला खांब बुडाशीं कुजूं लागतो. सागाचा गाभा पुष्कळ काळ टिकतो. बाभळीसारख्या लांकडाचा बाहेरील कोंवळा भाग वाळवी लवकर पोखरते. वर्षांतून दोनदां प्रत्येक खांब ठोकून पाहावा. आवाज पोकळ आला, किंवा मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या, तर उशीर करूं नये. तुळईला टेकू देऊन कुजका बुंधा कापावा, तेथें पक्कें लांकूड सांधावें अथवा दगड उंच करावा. हें काम जाणत्या सुतारानेंच करावें.

या दक्षतेची खरी कसोटी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लागली. लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी परिसरीं भूकंप होऊन हजारों माणसें दगावलीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि जड छतें निजलेल्यांवर कोसळलीं. तरी कांहीं घरांत भिंती बाहेर पडूनहि खांबांनीं छत तोलून धरलें व आंतील माणसें वांचलीं. जेथें तुळईचें टोंक केवळ भिंतीवर टेकलेलें होतें, तेथें भिंतीबरोबर छतहि गेलें. म्हणून जाणकार सांगतात कीं, माळवदाची माती हलकी करावी, खांब व तुळई यांच्या सांध्यांस तिरके आधार द्यावे, आणि भिंतींत दोन्ही अंगें जोडणारे आरपार दगड बसवावे.

आणखी एक संकट मानवी आहे. भावाभावांत खणांची वांटणी होते. एकजण आपले खांब विकतो, आणि दुसऱ्याची तुळई निराधार होते. कागदावर घर वांटतां येतें. सांगाडा मात्र एकच राहतो. वांटणीपूर्वीं सुताराला दाखवून सामाईक खांब कोणते तें लिहून ठेवावें.

ज्याला पक्कें घर बांधण्याचें सामर्थ्य आहे त्यानें तें अवश्य बांधावें. ज्याला माळवदाखालींच राहावयाचें आहे, त्यानें येत्या मृगापूर्वीं फावडें घेऊन वर चढावें, आणि मग खालीं उतरून प्रत्येक खांबाचा बुंधा पाहावा.