फर्म्यातील पाने

लोकनायक बापूजी अणे यांचे ‘लोकमत’ गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यवतमाळहून निघाले. चारपानी पत्र छापणे त्या मानाने सोपे : कागदाच्या एका अंगास चौथे व पहिले पान, दुसऱ्या अंगास दुसरे व तिसरे, मधोमध एक घडी घातली की झाले. पुस्तकाचे तसे नव्हे. आठ पानांच्या फर्म्यात एका अंगास ८-१ आणि ५-४, दुसऱ्या अंगास २-७ आणि ३-६ अशा जोड्या बसतात. त्यातही वरची ओळ उलटी, डोक्यास डोके लावून. पाहणारास हा निव्वळ घोटाळा वाटतो. परंतु प्रत्येक जोडीची बेरीज ९ येते, हाच जुळाऱ्याचा ताळा.

खरा धोका पाठपोट छपाईत असतो. कागद भलत्या बाजूने उलटला, तर पहिल्या पानाच्या पाठीस दुसऱ्याऐवजी सहावे येते. आणि तेही सुलटच, त्यामुळे चूक नजरेस येत नाही. ती कळते घडी घालताना, रीमभर कागद वाया गेल्यावर! फर्म्याच्या पहिल्या पानाखालील अनुक्रमांकाने बांधणाऱ्यास फर्मे ओळीने लावता येतात. आतील चूक त्यास दिसत नाही. म्हणून जाणता मुद्रक पहिलाच पाठपोट कागद घडी घालून चाळून पाही, आणि मगच यंत्र पुढे चालू देई.