मालमोटारीच्या आसाचे गणित

अमरावतीहून अकोल्याकडे जाणारा रस्ता बडनेरा, मूर्तिजापूर ही गावे मागे टाकीत कपाशीच्या काळ्या जमिनीतून जवळजवळ सपाट जातो. ह्याच मार्गावर २०२२ च्या जून महिन्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्यात आला, आणि त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. अमरावतीहून निघणारा दुसरा रस्ता परतवाड्यास पोचतो आणि तेथून मेळघाटाच्या डोंगरात शिरून वळणे घेत चिखलदऱ्यास चढतो. पहिल्या रस्त्याचा माल म्हणजे रुईच्या गाठी. दुसऱ्याचा, परतवाड्याच्या बाजारपेठेने प्रसिद्ध केलेला, सागवानाचा.

आता अशी कल्पना करावी की, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या, एकाच शक्तीचे एंजिन असलेल्या दोन मालमोटारी आहेत. एक सपाट रस्त्यावर थोड्या डिझेलात मजेने धावते, पण घाटात शिरली की धापा टाकू लागते. दुसरी घाट निमूटपणे चढते. मात्र सपाटीवर तिचे एंजिन सारखे ओरडत असते. हा स्वभावभेद कोठून आला? एंजिनात तो नाही. मालमोटारीच्या मागे उभे राहिले असता दोन्ही चाकांच्या मधोमध, आसाला आलेला जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्याच्या पोटात ह्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

त्या फुगवट्यात मुख्यतः दोन दातेरी चाके असतात. एंजिनाकडून आलेल्या लांब दांड्याच्या टोकाशी एक लहान चाक असते. कारागीर त्याला पिनियन म्हणतात. त्याच्या दात्यांत दाते अडकवून आसाकडे गती नेणारे मोठे चाक असते, ते क्राउन. समजा, पिनियनला ७ दाते आहेत आणि क्राउनला ४१. मग ४१ ला ७ ने भागले असता येणारी ५.८६ ही संख्या म्हणजे त्या आसाचे प्रमाण होय. दांड्याच्या जवळजवळ सहा फेऱ्या झाल्या म्हणजे चाकाची एक फेरी होते, एवढाच तिचा अर्थ.

घरातील हातशिलाईचे यंत्र डोळ्यांपुढे आणले तर हे चटकन उमगेल. तेथे मोठे चाक एकदा फिरवले की सुई अनेकदा खालीवर होते. वेग मिळतो, पण जोर कमी होतो. मालमोटारीच्या आसात नेमके उलट घडते. पुष्कळ फेऱ्या द्यावयाच्या आणि थोड्या घ्यावयाच्या. परंतु जितक्या पटीने फेऱ्या घटतात, जवळजवळ तितक्याच पटीने जोर वाढतो. निसर्गाच्या ह्या दुकानात फुकट काहीच मिळत नाही. जोर हवा तर वेग मोजून द्यावा लागतो, वेग हवा तर जोर.

दात्यांच्या संख्येविषयी एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ७ आणि ४२ असा सरळ हिशेब सोडून ७ आणि ४१ अशी अवघड जोडी का घेतात? ७ आणि ४२ दाते असते तर पिनियनचा एक दाता क्राउनच्या ठरावीक सहा दात्यांशीच जन्मभर झुंजत राहता, आणि एकाचा दोष त्या सहांनाच सोसावा लागता. ७ आणि ४१ ह्यांना सामाईक विभाजक नसल्यामुळे प्रत्येक दाता क्रमाक्रमाने समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सर्वांवर सारखी वाटली जाते.

आता सपाट रस्त्याचा हिशेब पाहू जाता असे दिसते की, मोठ्या मालमोटारीचे चाक एका फेरीत सुमारे सव्वातीन मीटर अंतर तोडते. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ३०८ फेऱ्या होतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने, आणि एंजिनाची गती जशीच्या तशी मागे पाठविणाऱ्या गिअरमध्ये, ५.८६ प्रमाणाच्या आसासाठी एंजिनाला मिनिटास सुमारे १८०० फेऱ्या घ्याव्या लागतात. त्याऐवजी पिनियनला ९ आणि क्राउनला ३७ दाते असतील, तर प्रमाण ४.११ होते आणि १२६५ फेऱ्यांत तेच काम भागते. अमरावती ते अकोला ह्या सुमारे शंभर किलोमीटरांच्या एका खेपेत एंजिनाच्या पन्नास हजारांहून अधिक फेऱ्या वाचतात. डिझेलची आणि यंत्राच्या आयुष्याची बचत ह्यातून होते. १७० किलोंची एक, अशा साठ गाठी लादून रोज ह्या वाटेने जाणाऱ्यास लहान प्रमाणच हितावह.

तीच मालमोटार घाटाला लावली म्हणजे मात्र चित्र पालटते. भारासह १६ टनांची गाडी, दर सोळा मीटरांस एक मीटर असा चढ चढू लागली की केवळ उतरणीकडील ओढ सावरण्यासाठी तिला एक टन जोर लावावा लागतो. ५.८६ प्रमाणाचा आस ४.११ च्या आसापेक्षा चाकाला शेकडा ४२ अधिक जोर देतो. कोणी म्हणेल, खालचा गिअर टाकला की झाले! ते खरे आहे. पण पहिल्या गिअरच्या खाली गिअर नसतो. वळणावर थांबलेली भरली गाडी पुन्हा हलवावयाची वेळ आली, म्हणजे पहिल्या गिअरची आणि आसाची मिळूनच परीक्षा होते, आणि जोर अपुरा पडला तर क्लच जळतो.

चढापेक्षाही उतार अधिक कठीण. चिखलदरा ते परतवाडा ही उतरण सुमारे सातशे मीटरांची आहे. १६ टनांची गाडी एवढे खाली उतरताना जी शक्ती मोकळी होते, तिने साडेतीनशे लिटर पाण्याला उकळी फुटेल. ही सारी उष्णता केवळ ब्रेकांनी गिळावी असे म्हटले तर ते तापून निकामी होतात. शहाणा ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवून एंजिनालाच तिला मागे ओढून धरावयास लावतो. मोठ्या प्रमाणाचा आस असला की ही ओढ तितकीच वाढते. उलट डिझेल वाचविण्याच्या मोहाने जो न्यूट्रलमध्ये उतरतो, तो एंजिन आणि चाक ह्यांमधील दुवाच तोडतो आणि आपला जीव एकट्या ब्रेकांच्या हवाली करतो.

दुसरा धोका आवाज न करता येतो. झिजलेले क्राउन-पिनियन बदलताना हाती लागेल ती जुनी जोडी बसविली, तर प्रमाण बदलते. पुष्कळशा मालमोटारींत वेगाचा काटा आपली गती आसाच्या अलीकडूनच घेतो. त्याला हा बदल कळत नाही. ५.८६ च्या जागी ४.११ आले आणि काट्याची दुरुस्ती राहिली, तर काटा ६० दाखवीत असताना गाडी ताशी ८५ किलोमीटरांनी धावत असते. नव्या गुळगुळीत रस्त्यावर ड्रायव्हरला ते जाणवतही नाही. जाणवते ते समोर बैलगाडी आली म्हणजे. मागचे दोन्ही आस एंजिनाने फिरणारे असतील, तर दोहोंचे प्रमाण एकच हवे. नाहीतर ते परस्परांशीच झगडून मोडतात.

म्हणून जुनी मालमोटार विकत घेणाऱ्याने रंग पाहण्यापूर्वी हे प्रमाण पाहावे. ते बहुधा आसाच्या पेटीवर कोरलेले असते. नसल्यास सपाट जागी पुढच्या चाकांना अडसर लावून, मागची बाजू भक्कम टेकूंवर उचलून आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, दोन्ही चाके बरोबरीने एक फेरी फिरवावीत व तेवढ्यात मधला दांडा किती फेऱ्या घेतो ते मोजावे. एकच चाक उचलले असेल तर त्याच्या दोन फेऱ्या मोजाव्यात. कारण आसाच्या पेटीतील डिफरन्शियलमुळे एक चाक स्थिर असता दुसरे दुपटीने फिरते.

तात्पर्य, मोठे प्रमाण चांगले की लहान, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता रस्ता आणि किती भार, हे आधी सांगावे लागते. वऱ्हाडातील शेतकरी बैलजोडी निवडताना काळ्या रानाची की डोंगराच्या वाटेची, हे विचारूनच पैसे मोजतो. लोखंडाच्या बैलाविषयीही तोच विवेक राखला, तर अकोल्याची रुई आणि मेळघाटाचे सागवान आपापल्या ठिकाणी पोचेल. आणि त्याहून मोलाचे म्हणजे, ते नेणारा मनुष्य सुखरूप घरी परतेल.