शनिवारच्या रात्री पोरगं जातं कुठं?

(कम्युनिटी रेडिओवरील भाषण)

बायांनो, आजचा विषय ऐकून कोणी रेडिओचा आवाज कमी करू नका. घरात पुरुषमंडळी बसली असतील तर त्यांनाही ऐकू द्या.

आपल्याकडून संध्याकाळी अंबा एक्स्प्रेस निघते. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करत सकाळी मुंबईला पोचते. त्या गाडीत आपली पोरं असतात. कोणी कंपनीत, कोणी हॉटेलात, कोणी कॉल सेंटरात. त्यातल्या काही पोरांना मुलींची नाही, मुलांचीच ओढ असते. त्यांना समलिंगी म्हणतात, हल्ली सगळे ‘गे’ म्हणतात. तृतीयपंथी वेगळे. पुष्कळ जणी दोन्ही एकच समजतात, म्हणून आधीच सांगते. हे पोरगं तुमच्या-माझ्या पोरासारखंच दिसतं, वावरात फवारणी करतं, क्रिकेट खेळतं. गावात ते कोणाशी बोलू शकत नाही. मोठ्या शहरात मात्र शनिवारच्या रात्री त्याला आपल्यासारखे चार जण भेटतात.

मुंबईत कुलाब्याला व्हूडू नावाचा एक पब होता. नव्वदच्या दशकात शनिवारच्या रात्री तिथं अशी मुलं जमायची. नाचायची, गप्पा मारायची आणि सोमवारी पुन्हा आपापल्या कामावर. त्याआधी तर तेही नव्हतं. रेल्वे स्टेशन, बाग, समुद्रकिनारा, कुठंतरी अंधारात भेटायचं आणि पोलिसाचा दांडा दिसला की पळायचं. अंधार त्यांना आवडायचा म्हणून नाही. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडविधानात ३७७ नावाचं कलम होतं, त्यात अशा संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. मग उजेडात भेटणार कोण?

तुम्ही म्हणाल, ही सगळी विलायती थेरं. तर विलायतेचंही ऐका. स्पेन देशात माद्रिद नावाचं शहर आहे. तिथं चुएका नावाची वस्ती आहे. मध्यरात्र झाली तरी रस्ते भरलेले, दोन पुरुष हातात हात घालून फिरतात, कोणी वळून बघत नाही. पण त्याच देशात फ्रँको नावाच्या हुकूमशहाच्या काळात, १९७० साली, अशा लोकांना ‘समाजाला धोकादायक’ ठरवून डांबणारा कायदा झाला होता. फ्रँको १९७५ मध्ये मेला. १९७७ मध्ये बार्सिलोना शहरात या लोकांनी मोर्चा काढला. २००५ मध्ये तिथं दोन पुरुषांच्या, दोन बायांच्या लग्नाला कायद्यानं मान्यता मिळाली. पस्तीस वर्षांत एवढा फरक. चुएकाही आधी पडकी, नशेखोरांची वस्ती होती. या लोकांनी तिथं खानावळी, पुस्तकाची दुकानं, बार काढले आणि वस्ती सुधारली.

आपल्याकडं १९८६ मध्ये अशोक राव कवी या पत्रकारानं ‘सॅव्ही’ नावाच्या मासिकात उघड सांगितलं की मी असा आहे. ते मासिक बायकांचं होतं, हे मला फार आवडतं. १९९० मध्ये त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभी राहिली. एचआयव्हीबद्दल माहिती, तपासणी, मन मोकळं करायला जागा, असं काम तिथं चालतं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट काढली, मराठीत पुस्तकं लिहिली. नागपुरात सारथी ट्रस्ट आहे. तेवढं तर आपल्याला जवळ आहे.

मग ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध गुन्हा नाही. लग्नाला मात्र २०२३ मध्ये मान्यता दिली नाही. म्हणजे जेलची भीती गेली, संसाराची वाट नाही.

मुलींचं काय, असं कोणी विचारत नाही. मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीही असतात. मुंबईत १९९५ मध्ये त्यांनी स्त्री संगम नावाचा गट केला. पण आपल्या गावातल्या पोरीला कसली शनिवारची रात्र? तिला सातच्या आत घरात.

आता आपल्या कामाचं. एका बचत गटात एका मायनं मला विचारलं, “ताई, पोट्ट्याचं लगन करून देल्लं की होते का वो सर्व बराबर?” मी म्हटलं, “माय, पोराचं जाऊ दे, त्या पोरीचं काय होते?” सगळ्या गप्प. कारण अशी एक पोरगी त्या सगळ्यांना माहीत होती. नाव-गाव सांगत नाही. थाटात लग्न झालं, बापानं वावर गहाण टाकलं होतं. नवरा चांगला, दारू नाही, मारझोड नाही, पण बाजूला तोंड करून झोपायचा. तिला वाटे, आपल्यातच काही खोट आहे. दोन वर्षांनी सासू विचारायला लागली, पाळणा कधी? मग डॉक्टर, मग नवस, मग उपास. हळदीकुंकवाला बाया तिची ओटी भरायला कचरायच्या. आणि नवरा दर दोन महिन्यांनी मुंबईला ‘कामासाठी’. तो वाईट नव्हता, त्यालाही रडू यायचं. पण लग्न मोडलं तेव्हा बोल लागला तो तिलाच. पोराला ‘सुधारायला’ दुसऱ्याची लेक वापरायची, याला मी पाप म्हणते.

हा काही आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच आजारांच्या यादीतून तो काढला. गोळ्या-शॉक देऊन ‘बदलवून देतो’ म्हणणारा डॉक्टर २०२२ पासून व्यावसायिक गैरवर्तनाचा दोषी ठरतो. आणि भगताकडं नेऊन मार, चटके, धुरी केली तर आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

अजून एक. आता पबची गरज उरली नाही, मोबाइलवरच ओळखी होतात. अकोल्यात बसून होतात, तालुक्याच्या गावीही होतात. त्यात फसवणारेही असतात. भेटायला बोलावतात, फोटो काढतात आणि “तुह्या बापाले सांगतो” म्हणून पैसे मागतात. पोरगं लाजेनं पैसे देत राहतं, कर्ज काढतं, कधी विहिरीपर्यंत जातं. अशा वेळी पैसे द्यायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत. ही खंडणी आहे, ११२ लावा, ठाण्यात जा. आता गुन्हेगार तो धमकावणारा आहे, तुमचं पोरगं नाही. पण घरच्यांना कळलं तर काय, ही भीती गेल्याशिवाय ते ठाण्यात जाणार नाही. त्याच्या आधी त्याला तुमच्याकडं यावंसं वाटलं पाहिजे.

‘साबर बोंडं’ नावाचा मराठी सिनेमा आहे, रोहन कानवडे यांचा. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला मोठा पुरस्कार मिळाला. बाप वारल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचा धोशा लावतात, आणि त्याचा जीव रमतो गावातल्या शेतकरी मित्राजवळ. त्याच्या आईला सगळं माहीत असतं. ती भाषण देत नाही, नातेवाइकांसमोर फक्त त्याच्या बाजूनं उभी राहते. मिळाला तर गटात बसून बघा, आणि बघितल्यावर काय वाटलं ते मला चिठ्ठीनं कळवा. नाव नाही लिहिलं तरी चालेल.

पुढच्या वेळी आपण कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल बोलू. तोवर नमस्कार.