एकसारख्या डासांची ओळख



कामगारांच्या सभेत आम्ही पगाराचे आकडे सांगतो. आज डासांच्या अंड्यांविषयी बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. पण हिवतापाने मजुराने अंथरूण धरले की त्याची रोजी बुडते, म्हणून तो आमचाही विषय आहे.

१८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. पुढे माणसाला हिवताप देणारे डास अ‍ॅनॉफेलिस वर्गातले, हे ठरले. तेव्हा युरोपात एक कोडे पडले. अ‍ॅनॉफेलिस मॅक्युलिपेनिस हा डास इटलीच्या दलदलीत हिवताप पसरवी. पण तोच डास मुबलक असूनही कित्येक गावे निरोगी राहत. पंख पाहिले, सोंड पाहिली, उलगडा होईना.

१९२६ साली इटलीच्या आरोग्य खात्यातील फालेरोनी यांनी अंड्यांकडे पाहिले. काही अंड्यांवर ठळक आडवे पट्टे, काहींवर बारीक काळे डाग. आणि एक मादी नेहमी एकाच नक्षीची अंडी घालते, हे त्यांनी हेरले. त्यांनी दोन प्रकारांना मेसी आणि लाब्रांकी अशी नावे दिली. पुढच्या अभ्यासकांनी उलगडा केला: मेसी मुख्यतः गुराढोरांचे रक्त पिते, लाब्रांकी माणसाला चावते. एक डास समजला, तो निघाला अनेक जातींचा गट!

आपल्याकडेही तसेच आहे. खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफेलिस क्युलिसिफेसीस हा एक नसून पाच जातींचा गट आहे. डोळ्यांना त्या एकसारख्या दिसतात. गुणसूत्रे किंवा डीएनए तपासून त्या वेगळ्या काढतात, आणि ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरे लावतात. त्यांतली बी बहुतेक ठिकाणी गुरांवरच जगते व हिवताप क्वचितच पसरवते. तेव्हा नुसते 'डास पुष्कळ' असे अहवालात लिहून भागत नाही. कोणती जात कुठे आहे, हे कळले तरच औषध योग्य गावी पोचते.

आणि हे कळते कोणामुळे? पहाटे बॅटरी आणि काचेची नळी घेऊन गोठ्यांत, घरांत डास धरणाऱ्या कीटक समाहारकामुळे. कोणता डास गोठ्यात सापडला, कोणता माणसांच्या खोलीत, ही त्याची नोंद चुकली तर प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञही आंधळा होतो. ती जागा रिकामी राहिली, तर नुकसान त्या एका कामगाराचे नसते, साऱ्या गावाचे असते. ती भरलेली असावी आणि त्याला वेळेवर वेतन मिळावे, एवढी मागणी आपण आमच्याबरोबर करावी, ही विनंती.