हप्ता कुणाच्या मालकीचा?

रिझर्व्ह बँक आणि सेबी जिथून नियम काढतात आणि उच्च न्यायालयात जिथे त्यांचा कस लागतो, त्या मुंबईत कर्जांच्या सिक्युरिटायझेशनवर चर्चा व्हावी, हे उचितच आहे.

गृहकर्जांचा गठ्ठा ट्रस्टला विकायचा आणि येणाऱ्या हप्त्यांवर पास थ्रू सर्टिफिकेट काढायची, हा व्यवहार वरवर गणिताचा वाटतो. प्रत्यक्षात तो कायद्याच्या एकाच प्रश्नावर उभा आहे: कर्ज विकल्यावर हप्ता कुणाचा? कागदोपत्री तो ट्रस्टचा असतो. पण वसुली बहुधा मूळ कंपनीच करते आणि पैसा आधी तिच्या हातात येतो. २०१९ मध्ये डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी अडचणीत आली, तेव्हा याची प्रचिती आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मनाई आदेशानंतर कंपनीच्या धनकोंची देणी थांबली आणि त्यांच्याबरोबर सर्टिफिकेटधारकांचे पैसेही काही काळ अडकले. कर्जदार हप्ते भरतच होते. अडला होता तो मालकीचा प्रश्न. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये वित्तीय कंपन्यांच्या दिवाळखोरीचे नियम आले आणि इतरांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली मालमत्ता दिवाळखोरीच्या काळात वसुलीवर येणाऱ्या स्थगितीतून वगळली गेली.

मग आता चिंता कशाची, असे कोणी विचारील. नियम विश्वस्त मालमत्तेला संरक्षण देतो, पण सरमिसळ झालेल्या खात्यातला कोणता रुपया ट्रस्टचा, हे तो सांगू शकत नाही. म्हणून वसुलीचे खाते पहिल्या दिवसापासून वेगळे हवे. दुसरा आक्षेप खर्चाचा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२१ च्या निर्देशांनुसार कर्ज विकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कर्जांत ५ टक्के, त्याहून दीर्घ कर्जांत सर्वसाधारणपणे १० टक्के वाटा स्वतःकडे ठेवावा लागतो. यात भांडवल अडकते, हे खरेच. पण विकून मोकळे होणाऱ्याला कर्ज फिटण्याची फिकीर उरत नाही, हे अमेरिकेने २००८ पर्यंत पाहिले आणि नंतर तिथेही ५ टक्के वाट्याची अट कायद्यात आली. तारण घरांच्या सर्टिफिकेटांना आपल्याकडेही ५ टक्केच पुरतात. तेव्हा अट सरसकट जाचक आहे, असे म्हणता येत नाही.

दोन दिवसांच्या चर्चेतून आपण निदान एक मसुदा घेऊन उठावे: स्वतंत्र वसुली खात्याचा. संकट येण्याआधी लिहिलेले कलमच संकटात उपयोगी पडते.